इरावती कर्वे
इरावती दिनकर कर्वे (१५ डिसेंबर १९०५, म्यिंजान, ब्रह्मदेश – ११ ऑगस्ट १९७०, पुणे) या मराठी मानवशास्त्रज्ञ व लेखिका होत्या. बर्लिन विद्यापीठात डॉक्टरेटसाठी कवट्यांची मोजमापे घेऊन त्यांनी काढलेला निष्कर्ष मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांच्या वंशश्रेष्ठत्वाच्या मताला पुष्टी देणारा नव्हता. १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात होत्या. वाढते नगर आणि भोवतालची खेडी एकमेकांना कशी घडवतात, याचा त्यांनी सहकाऱ्यासह फलटण परिसरात अभ्यास केला. तो १९६५ साली प्रसिद्ध झाला. ‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९६९ साली कन्या जाई निंबकर यांच्यासह केलेल्या कोयना धरणग्रस्तांच्या पाहणीने विस्थापितांच्या पुनर्वसनातील उणिवा पुढे आणल्या.