टॉमस एडिसन आणि विजेची मोटार

टॉमस आल्व्हा एडिसन हें नांव घेतलें, कीं विजेचा दिवा आणि फोनोग्राफ हे दोन शोध चटकन् डोळ्यांपुढें येतात. त्यांच्या कथा विद्यार्थ्यांनीं पुष्कळदां वाचल्या आहेत. त्या येथें पुन्हां सांगण्याचें कारण नाहीं. आयुष्यांतील दहा वर्षें ह्याच गृहस्थानें विजेच्या मोटारीकरितां चांगली बॅटरी तयार करण्यांत घालविलीं, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाहीं. आज आपल्या रस्त्यांवरून विजेच्या गाड्या निःशब्द धांवूं लागल्या आहेत, तेव्हां तो वृत्तांत शिळा वाटूं नये.

एडिसनचा जन्म अमेरिकेंत ओहायओ संस्थानांतील मिलान ह्या गांवीं ११ फेब्रुवारी १८४७ रोजीं झाला. शाळेंत तो फार थोडे दिवस टिकला. त्याची आई पूर्वीं शिक्षिका होती; तिनेंच त्याला घरीं शिकविलें. आगगाडींत वर्तमानपत्रें विकीत व पुढें तारमास्तराचें काम करीत तो वाढला. लहान वयांतच त्याला कमी ऐकूं येऊं लागलें होतें. १८८२ सालीं न्यूयॉर्क शहरांत पर्ल स्ट्रीटवर त्यानें वीजघर सुरू केलें, तेव्हां तो अवघा पस्तीस वर्षांचा होता. त्याची वीज एकाच दिशेनें वाहणारी असल्यामुळें ती दूरवर नेणें परवडत नसे. दिशा पालटीत वाहणाऱ्या प्रवाहाचे पुरस्कर्ते पुढें आले व अखेर जिंकले. त्या वादांत एडिसनच्या पक्षानें जनावरें विजेनें मारून दाखविण्यापर्यंत मजल नेली, ही गोष्ट चरित्र लिहिणारास झांकून ठेवतां येण्यासारखी नाहीं. १८९२ सालीं त्याची कंपनी दुसऱ्या कंपनींत मिळून जनरल इलेक्ट्रिक झाली आणि त्याचें नांव पाटीवरून गेलें. त्याच सुमारास लोखंडाचें खनिज चुंबकानें वेंचून काढण्याचा उद्योग त्यानें चालविला होता. त्यांत त्याचें अपार द्रव्य बुडालें. पन्नाशी उलटलेला हा मनुष्य १८९९ सालीं बॅटरीकडे वळला.

त्या वेळीं विजेच्या मोटारीचे दिवस बरे होते. १९०० सालीं अमेरिकेंत ४,१९२ मोटारी तयार झाल्या. पैकीं १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि केवळ ९३६ पेट्रोलच्या होत्या. पेट्रोलची गाडी हँडल फिरवून सुरू करावी लागे व तें उलटल्यास मनगट मोडे. विजेच्या गाडीला धूर नाहीं, दुर्गंध नाहीं, हँडल नाहीं. पण तिच्या पोटांतील बॅटरी शिशाच्या पत्र्यांची व गंधकाम्लाची. ती फार जड. धक्क्यांनीं पत्र्यांवरचा लेप गळे, आणि रिकामी तशीच पडून राहिली तर पत्रे निकामी होत. शिवाय ती भरावयाची कोठें? गांवोगांव तर वीजच नव्हती. आणि जेथें पालटता प्रवाह आला होता, तेथें तो आधीं एकदिश करून घ्यावा लागे, कारण बॅटरीस दुसरा चालत नाहीं. (आजही हाच नियम आहे. घरीं गाडी भरतांना हें काम गाडींतील यंत्र करितें. जलद भरणीच्या ठाण्यावर तें ठाण्यांतच होतें.)

अम्ल मुळांतच नको, असें एडिसननें ठरविलें. क्षाराच्या द्रवांत कोणते धातू टिकतील व वीज सांठवितील, हें पाहण्यासाठीं वेस्ट ऑरेंजच्या प्रयोगशाळेंत हजारों प्रयोग झाले. शेवटीं एका बाजूस निकेल, दुसऱ्या बाजूस लोखंड आणि मध्यें पोटॅशचा द्रव, अशी जोडी ठरली. तयार घट वरच्या मजल्यावरून खालीं टाकून पाहात. गाड्यांत घालून खडबडीत रस्त्यांवर दौडवीत. १९०१ सालीं कंपनी स्थापन झाली व थोड्याच वर्षांत माल बाजारांत आला. जाहिरात मोठी झाली होती, गिऱ्हाइकें तयार होतीं.

आणि बॅटऱ्या गळूं लागल्या. कित्येकींची शक्ति दिवसेंदिवस घटूं लागली. विकत घेणारांपैकीं अनेकांची तक्रार नव्हती. शिशाच्या बॅटरीपेक्षां ही बरीच, असेंच ते म्हणत. परंतु १९०४ च्या अखेरीस एडिसननें विक्री थांबविली, गेलेला माल परत घेतला आणि पुन्हां प्रयोगाच्या टेबलाशीं बसला. माझ्या मतें दिव्याच्या शोधापेक्षांही त्याची खरी परीक्षा येथें झाली, कारण ह्या वेळीं टाळ्या वाजविणारें कोणी नव्हतें. पांच वर्षें गेलीं. दोष सांपडला तो असा: निकेलच्या भुकटींत वीज खेळावी म्हणून जें ग्रॅफाइट मिसळलें होतें, तेंच झिजून जात असे. त्याच्या ऐवजीं निकेलचे अतिशय पातळ पापुद्रे घालावे, अशी युक्ति निघाली. तांबें व निकेल ह्यांचे थर विजेनें एकावर एक चढवावयाचे, मग तांबें विरघळवून टाकावयाचें. मागें निकेलचे पापुद्रे राहतात. भोंकें पाडलेल्या पोलादी नळ्यांत भुकटी व पापुद्रे ह्यांचे शेंकडों थर दाबून भरले. द्रवांत थोडा लिथियमचा क्षारही घातला. आजच्या लिथियम बॅटरीचें तत्त्व मात्र अगदीं वेगळें आहे. १९०९ सालीं ही नवी बॅटरी बाहेर आली. ती कितीही भरा वा रिकामी ठेवा, दशकेंच्या दशकें टिके. दोषही होतेच. शिशाचा एक घट सुमारें दोन व्होल्ट देई, हिचा सव्वाच; किंमत जबर; आणि कडक थंडींत ती गारठून जाई.

डेट्रॉइट इलेक्ट्रिकसारख्या गाड्यांत ती बसूं लागली. पण मधल्या काळांत फोर्डची मॉडेल टी १९०८ सालीं आली होती व तिची किंमत वर्षावर्षाला उतरत होती. हा हेन्री फोर्ड पूर्वीं एडिसनच्याच नांवाच्या डेट्रॉइटमधील वीज कंपनींत नोकर. १८९६ सालच्या एका मेजवानींत एडिसननें त्याच्या पेट्रोल-गाडीच्या कल्पनेला उत्तेजन दिलें, असें फोर्ड पुढें कृतज्ञतेनें सांगत असे. १९१२ सालच्या कॅडिलॅकला विजेनें सुरू होणारें यंत्र बसलें. हँडलचा त्रास गेला, आणि विजेच्या गाडीचा मोठा गुण तिच्या प्रतिस्पर्ध्याला मिळाला. १९१४ सालीं फोर्ड व एडिसन ह्यांनीं मिळून स्वस्त विजेची गाडी काढण्याचा बेत जाहीर केला. नमुन्याच्या गाड्या तयारही झाल्या. पण बाजारांत एकही आली नाहीं. गंमत अशी, कीं फोर्डची पत्नी क्लारा स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवीत असे.

बॅटरीला मात्र दुसरीकडे काम मिळालें. खाणकामगारांच्या टोपीवरचे दिवे, आगगाडीचे सिग्नल व डब्यांतील दिवे, मालाच्या विद्युत् गाड्या, ह्यांत ती वर्षानुवर्षें चालली व तिनें एडिसनला चांगला पैसा मिळवून दिला. १८ ऑक्टोबर १९३१ रोजीं वेस्ट ऑरेंज येथें राहत्या घरीं तो चौऱ्यायशींव्या वर्षीं वारला. कारखाना त्याच्यामागें पुष्कळ वर्षें चालू होता; १९७२ सालीं तो एक्साइड बॅटरीवाल्या कंपनीकडे गेला आणि १९७५ सालीं तेथील उत्पादन थांबलें.