ध्रुपद धरणारे तुकोबा

एखादे पद लोकांच्या तोंडी बसते आणि दुसरे वहीतच राहून जाते, असे का होते? पदे रचणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी छळतोच. कोणी म्हणतो चाल हवी, कोणी म्हणतो गळा हवा, कोणी सारे नशिबावर टाकून मोकळा होतो. श्रीतुकोबारायांचे चरित्र या अंगाने पाहावे. महाराज अभंग करू लागले त्याच्या आधी ते दुसऱ्याच्या मागे उभे राहून ध्रुपद धरीत होते. ही गोष्ट आपण ऐकतो आणि सोडून देतो, पण सगळे मर्म तिथेच आहे.

देहूस १६०८ साली त्यांचा जन्म झाला असे आपण मानतो. घरी महाजनकी, दुकान, सावकारी, आणि विश्वंभरबाबांपासून चालत आलेली पंढरीची वारी. आईबाप गेले, थोरले बंधू सावजी विरक्त होऊन निघून गेले. त्यात १६३० चा दुष्काळ. रखमाबाई अन्नावाचून गेल्या, लेकरू गेले, धंद्याचे दिवाळे वाजले, चारचौघांत तोंड दाखवायची चोरी झाली. आपल्या वाटणीची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली ती यानंतर. हे सर्व वारकऱ्यांना ठाऊकच आहे, विस्तार नको.

पुढे त्यांनी घरचे मोडकळीस आलेले विठ्ठलाचे देऊळ नीट केले आणि एकादशीला कीर्तनात उभे राहू लागले. आरंभी अभ्यासात चित्त नव्हते, म्हणून संतांची काही वचने विश्वासाने पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे ध्रुपद धरले, असे त्यांनी आपल्या चरित्राच्या अभंगात स्वतःच सांगून ठेवले आहे. त्यात कमीपणा मानला नाही. भंडाऱ्याच्या डोंगरावर ज्ञानेश्वरी, नाथभागवत आणि नामदेवरायांचे अभंग यांची घोकणी चालली तीही याच काळात.

आता मागे उभा राहणारा काय शिकतो ते पाहा. पुढचा बुवा एकदा म्हणतो, आणि मागच्या मंडळींना ते लगेच उचलायचे असते. हातात कागद नाही, पुष्कळांना अक्षर ओळखीचे नाही. लांबलचक सामासिक शब्द आला की दहाजणांच्या तोंडी दहा तऱ्हा होतात आणि टाळ चुकतो. सोपा, रोजच्या बोलण्यातला शब्द आला की सगळे एकदम उठतात. मोठ्या अभंगाची घडणच बघा ना: तीन चरण सहा सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्याला यमक. यमकाने पुढचा शब्द आपोआप आठवतो, आणि चौथा चरण आखूड म्हणून श्वास घ्यायला जागा मिळते. ध्रुपद तर दर कडव्यानंतर परत यायचे. ते पोकळ असेल तर तिसऱ्या वेळेलाच शिळे होते, आणि भरीव असेल तर दर खेपेला नवीन लागते. हे पोथी वाचून कळत नाही. टाळ कुटून कळते. (हल्ली काही ठिकाणी बुवा इतके आलाप घेतात की टाळकऱ्यांनी नुसते उभे राहायचे! असो.)

नामदेवरायांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन अपुरे राहिलेले अभंग पुरे करण्याची आज्ञा केली, तेव्हा ती अशा कानांवर पडली. मग जे निघाले त्यात बाजारातले माप आले, तराजू आला, शेत आले, माहेर आले. दुकानदाराची भाषा देवाशी भांडायला लागली, आणि ऐकणाऱ्याला वाटले, अरे, हे तर माझेच गाऱ्हाणे!

पण रचणाऱ्याला स्वतःला याची खात्री असते का? नसते. वाघोलीच्या रामेश्वरभटांनी हरकत घेतली, हा अधिकार शूद्राचा नव्हे म्हणून वह्या बुडवाव्या लागल्या. तेरा दिवस महाराज अन्नपाणी सोडून नदीकाठी पडून राहिले. देवाने बोलविले म्हणून मी बोललो, की माझ्याच मनाचे ते चाळे होते, हा घोर होता. वह्या कोरड्या निघाल्या ही आपली श्रद्धा आहे. तिला धक्का न लावता एवढे सांगावेसे वाटते की त्या तेरा दिवसांत एक वही कोणालाच बुडविता आली नाही, ती मागच्या टाळकऱ्यांच्या गळ्यात होती. पुढे रामेश्वरभटच शिष्य झाले आणि महाराजांची आरती त्यांनीच रचली. संताजी जगनाड्यांसारख्यांनी अभंग लिहून ठेवले, आणि १८७३ साली मुंबईस सरकारी मदतीने गाथा छापली तेव्हा अशा जुन्या वह्यांवरून साडेचार हजारांवर अभंग एकत्र झाले.

महाराज असतानाच, म्हणजे १६५० पूर्वी, त्यांचे शब्द किती लांब गेले होते याची साक्ष बहिणाबाईंनी दिली आहे. देवगावची ही ब्राह्मणाची लेक वणवण करीत नवऱ्याबरोबर कोल्हापुरास आली. तिथे जयरामस्वामींची कीर्तने चालत. त्यांत तुकोबांचे अभंग तिच्या कानी पडले. रचणारा देहूत, गाणारा भलताच, आणि ऐकणारीने त्या माणसाला पाहिलेलेही नाही. पण ओढ अशी लागली की शूद्राला गुरू कसा करतेस म्हणून नवऱ्याने छळले, मारले, तरी ती हटली नाही. स्वप्नात उपदेश मिळाला. पुढे नवऱ्याचेही मन पालटले आणि दोघे देहूला येऊन पोचली. तिथे देवळात महाराजांचे कीर्तन तिने समोर बसून ऐकले, आणि आपले सगळे आयुष्य तिने अभंगांतच सांगितले.