जिमी रॉजर्स
जिमी रॉजर्स (जन्म : ८ सप्टेंबर १८९७, मृत्यू : न्यूयॉर्क, २६ मे १९३३) हे अमेरिकन कंट्री संगीताचे आद्य लोकप्रिय गायक होत. तरुणपणी ते रेल्वेत ब्रेकमन होते. १९२४ साली क्षयाचे निदान झाले, पुढे नोकरी सुटली आणि गाणे हाच चरितार्थाचा मार्ग उरला.

४ ऑगस्ट १९२७ रोजी ब्रिस्टल येथे राल्फ पीर यांनी व्हिक्टर कंपनीसाठी त्यांची पहिली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. त्याच वर्षाअखेरीच्या ‘ब्लू योडेल’ने त्यांना कीर्ती मिळाली. कृष्णवर्णीयांच्या ब्लूजला त्यांनी योडेलची, म्हणजे आवाज खालच्या पट्टीतून एकदम वर उचलण्याची, जोड दिली. १९३० मधील नवव्या ‘ब्लू योडेल’ला लुई आर्मस्ट्राँग यांच्या ट्रम्पेटची साथ आहे, वर्णभेदाच्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हे. ‘टीबी ब्लूज’मध्ये तर त्यांनी स्वतःच्या दुखण्यालाच विषय केले.

आजच्या अर्थाने त्यांच्या हयातीत एकही अल्बम निघाला नाही. दोन बाजूंना एकेक गाणे असलेल्या तबकड्याच तेव्हा निघत. अशी शंभरावर गाणी त्यांनी सहा वर्षांत गायिली. १९६१ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये समाविष्ट झालेल्या पहिल्या तिघांत ते होते.

मे १९३३ मध्ये, कुटुंबासाठी पैसा हवा म्हणून, ते न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रणास गेले. दोन गाण्यांच्या मध्ये ते खाटेवर पडून राहत. शेवटच्या गाण्यानंतर दोनच दिवसांनी हॉटेलच्या खोलीत त्यांचे निधन झाले.