भास्कराचार्यांचा अल्गोरिदम: ६१ चं कोडं, दगडावरची मराठी आणि आजचं गणित

आमच्या फॅमिली ग्रुपवर भास्कराचार्यांचा एक फॉरवर्ड वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. शून्याचा शोध, गुरुत्वाकर्षणाचा शोध, सगळं एकाच माणसाच्या नावावर. शून्याचे नियम ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्येच लिहून ठेवले होते. पृथ्वी जड वस्तू स्वतःकडे ओढते हे भास्कराचार्यांनी लिहिलंय हे खरं, पण अंतर वाढलं की ही ओढ किती कमी होते, ते सूत्र त्यात नाही. ते न्यूटनचं. मला खटकतं ते वेगळंच. या माणसाचं जे काम बघून प्रोग्रामरनं तोंडात बोट घालावं, ते त्या फॉरवर्डमध्ये कधीच नसतं.

तर आधी कोडं. एक पूर्ण संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्याला ६१ नं गुणा, वर १ मिळवा. उत्तर पूर्ण वर्ग आलं पाहिजे. ६१ ऐवजी ६० असेल तर सोपं आहे: ४ चा वर्ग १६, गुणिले ६० म्हणजे ९६०, अधिक १ म्हणजे ९६१, आणि तो ३१ चा वर्ग. ६२ ला ८ चालतो: ६४ गुणिले ६२ अधिक १ म्हणजे ३९६९, ६३ चा वर्ग. मग ६१ ला किती लागेल? पाच? वीस? हजार?

मी इंजिनिअरिंगला असताना यासाठी साधा फॉर लूप लावला होता. १, २, ३ करत जायचं आणि जमलं की थांबायचं. तो संपेचना. चूक शोधत बसलो, पण कोडमध्ये चूक नव्हतीच. सगळ्यात लहान उत्तर २२,६१,५३,९८० आहे, म्हणजे साडेबावीस कोटींच्या पुढे. समोरचा वर्ग १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा. भास्कराचार्यांनी हे उत्तर ११५० मध्ये लिहिलंय, तेव्हा ते ३६ वर्षांचे होते.

जन्म शके १०३६, म्हणजे १११४ चा. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण जन्मसाल आणि ग्रंथ लिहितानाचं वय त्यांनीच श्लोकात घालून ठेवलंय. वडील महेश्वर ज्योतिषी, आणि तेच गुरू. गावाचं नाव त्यांनी विज्जडवीड दिलंय, सह्याद्रीच्या आसऱ्याचं. ते नेमकं कोणतं यावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण घराण्याचा सगळ्यात पक्का पुरावा सापडतो तो चाळीसगावजवळच्या पाटणला. आम्हा जालनेकरांना ते लांब नाही. संभाजीनगर, कन्नड, मग औट्रम घाट उतरला की चाळीसगाव, आणि तिथून आत पाटणादेवी. त्या दगडाकडे परत येतोच.

११५० चा तो ग्रंथ म्हणजे सिद्धांतशिरोमणी. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित, गोलाध्याय. लीलावतीची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. घटिकापात्रात मोती पडला, मुहूर्त टळला, मुलीचं लग्न मोडलं, म्हणून वडिलांनी तिच्या नावानं पुस्तक लिहिलं. ही गोष्ट येते अकबराच्या दरबारातल्या फैजीच्या फारसी भाषांतरातून, १५८७ सालच्या. म्हणजे पुस्तकानंतर चारशेहून जास्त वर्षांनी. गोष्ट गोड आहे, पण तिच्यामागे बीजगणित हा भाग झाकला गेला. आपलं ६१ चं कोडं त्यात आहे.

आता पद्धत बघू. सुरुवात ढोबळ अंदाजानं. ८ चा वर्ग ६४, वजा ६१, उरले ३. आपल्याला १ हवा होता, आले ३. म्हणजे आपल्याकडे तीन आकडे झाले: ८, १ आणि शिल्लक ३. आता अशी संख्या शोधायची की ती ८ मध्ये मिळवली तर बेरजेला शिलकेनं, म्हणजे ३ नं, भाग जावा आणि तिचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ असावा. ७ चालतो. मग नवे तीन आकडे असे: (८×७ + ६१×१) ÷ ३ = ३९, (८+७) ÷ ३ = ५, आणि (४९−६१) ÷ ३ = −४. पडताळून बघा: ३९ चा वर्ग १५२१, ५ चा वर्ग गुणिले ६१ म्हणजे १५२५, फरक −४. बरोबर.

हे नवे तीन आकडे परत त्याच नियमात घालायचे. आउटपुट पुन्हा इनपुट, म्हणजे लूपच. ३९ आणि ५ मोठे होत जातात, पण शिल्लक कधीच हाताबाहेर जात नाही, लहानच राहते. लहान आकडे मोजकेच असतात, म्हणून ती फिरून फिरून जुन्या जागी येते. म्हणून नाव चक्रवाल. आणि शिल्लक ४ वर आली की ब्रह्मगुप्ताचा शॉर्टकट लागतो: मिळालेलं उत्तर त्याच उत्तराशी एका विशिष्ट रीतीनं गुणायचं. इथे त्यातून २९७१८ आणि ३८०५ मिळतात, शिल्लक −१. आणखी एक उडी मारली की वरचं राक्षसी उत्तर हातात. माझ्या लूपला साडेबावीस कोटी फेऱ्या, आणि त्यांना धुळपाटीवर एक-दोन पायऱ्या.

हे चाक दर वेळी १ वर पोचेलच याची सिद्धता त्या ग्रंथात नाही. अशा समीकरणांना नेहमी उत्तर असतं हे अठराव्या शतकात लाग्रांजनं सिद्ध केलं. त्याआधी १६५७ मध्ये फर्मानं युरोपात कोडं घातलं, तेव्हा त्यानंही ६१ च निवडला होता. आणि जगभर याला नाव काय, तर पेलचं समीकरण, ऑयलरच्या चुकीमुळे. पेलचा याच्याशी फारसा संबंध नव्हता. आपण यावर चिडू शकतो, पण भास्कराचार्य स्वतः या बाबतीत सरळ होते. चक्रवाल हे नाव आधीच्या आचार्यांनी दिलेलं आहे असं ते लिहितात, आणि ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ यांच्या विस्तृत ग्रंथांचं सार काढल्याचंही सांगतात. जयदेव नावाच्या गणितज्ञाची हीच पद्धत १०७३ च्या एका टीकेत सापडलीय. सगळं श्रेय भास्कराचार्यांना देणारे फॉरवर्ड आपण लिहितो, त्यांनी तसं लिहिलं नव्हतं.

या चाकाचं आजच्या गणितात काय झालं, ते मला फार उशिरा कळलं. आलेख कागदावर पूर्ण संख्यांचे ठिपके काढा. आता कागद रबराचा आहे असं समजून एका दिशेनं ताणा आणि दुसऱ्या दिशेनं तेवढाच दाबा, क्षेत्रफळ तेच ठेवून. ठिपक्यांची जाळी वेडीवाकडी होते. पण दोन्ही दिशा ६१ च्या वर्गमुळावरून ठरवल्या, तर ठरावीक ताणानंतर प्रत्येक ठिपका पूर्वी दुसरा ठिपका होता नेमका तिथे जाऊन बसतो. जाळी जशीच्या तशी परत. सगळ्या शक्य जाळ्यांच्या जगात हा एक बंद रस्ता आहे, आणि आपलं चाक त्याच रस्त्यावर फिरतं. म्हणूनच उत्तरं अनंत असूनही विरळ आहेत: प्रत्येक पुढचं उत्तर आधीच्या सुमारे ३५३ कोटी पट.

जाळ्यांच्या या हालचालीचा अभ्यास म्हणजे होमोजिनियस डायनॅमिक्स. त्यातला एक मोठा धागा मुंबईचा आहे, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला. ओपेनहाइमनं १९२९ मध्ये पाच किंवा जास्त चलांच्या अशाच वर्गांच्या राशींबद्दल एक अंदाज मांडला होता. तो जाळ्यांच्या हालचालीतून सुटू शकतो हे या संस्थेतल्या एम. एस. रघुनाथन यांच्या लक्षात आलं, एस. जी. दाणींनी त्यावर काम केलं, १९८० च्या दशकात मार्गुलिसनं ओपेनहाइमचा अंदाज सिद्ध केला, आणि १९९० च्या सुमारास मरिना रॅटनरनं रघुनाथन यांचा व्यापक अंदाज. अशा राशींमध्ये किती ठिपके कुठे पडतात याची मोजणी आजही सुरू आहे.

आता पाटणचा दगड. भास्कराचार्यांनी ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, करणकुतूहल लिहिलं. मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी गेला, नातू चांगदेव सिंघणाचा ज्योतिषी झाला. या नातवानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला आणि १२०७ मध्ये निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा शिलालेख अभ्यासकांसमोर आणला. त्यात मुलाचं, नातवाचं नाव आहे, लीलावतीचं नाही. वरचा भाग संस्कृत, वंशावळ आणि स्तुती. खर्चाची गोष्ट आली की भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते: बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचं जे उत्पन्न राजाकडे जायचं, ते मठाला. पैसा कुठून येणार हे बाजारातल्या माणसाला वाचता यायला हवं ना. गणिताची शाळा बाजाराच्या करावर चालायची, आणि ते मराठीत कोरलेलं आहे. तिथे उभं राहून मी ती अक्षरं लावायचा प्रयत्न केला, एक ओळसुद्धा धड जमली नाही.

मोबाइलवर करून बघायचं असेल तर एक इशारा. वरच्या दोन मोठ्या संख्या जावास्क्रिप्टच्या साध्या नंबरमध्ये घालून पडताळल्या तर फरक १ येऊच शकत नाही. एवढ्या मोठ्या आकड्यांवर तिथे शेजारच्या दोन संख्यांमधलं अंतरच ५१२ असतं. बिगइंट वापरा. ६१ जमलं की फर्मानं दिलेला दुसरा आकडा लावा, १०९. त्याचं सगळ्यात लहान उत्तर १५१४०४२४४५५१०० आलं पाहिजे.