बूल नावाचा मास्तर

सेकंड इयरला डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये माझी केटी लागली, हे आमच्या विंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. ओरलला एक्स्टर्नल सरांनी पहिलंच विचारलं, की ज्याच्या नावाने बुलियन अल्जिब्रा ओळखला जातो तो बूल कोण. मी गप्प. बुलियन हा शब्द मी तोवर फक्त पेपरातल्या सोन्या-चांदीच्या भावात वाचला होता. सर हसले आणि पुढचा रोल नंबर पुकारला.

सुट्टीत पोरं घरी गेली, मी केटीसाठी होस्टेलवर राहिलो. मेस बंद, रोज वडापाव. त्या दिवसांत या बूलवर जे मिळेल ते वाचलं. सुरुवात खरं तर रागाने केली होती.

जॉर्ज बूलचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधल्या लिंकन गावी झाला. वडील जोडे शिवायचे, पण त्यांचा जीव दुर्बिणी बनवण्यात, त्यामुळे धंद्याचे हाल. गणिताची गोडी पोराला त्यांनीच लावली. लॅटिन शिकवायला गावातला एक पुस्तकविक्रेता भेटला, ग्रीक तो आपलं आपणच शिकला. चौदाव्या वर्षी त्याने केलेला एका ग्रीक कवितेचा अनुवाद गावच्या पेपरात छापून आला, तर एका मास्तरांनी जाहीर शंका घेतली की एवढ्या पोराला हे जमणारच नाही. म्हणजे थेट कॉपीचा आळ!

सोळाव्या वर्षी घर चालवण्यासाठी त्याने डॉनकास्टरच्या शाळेत नोकरी धरली. एकोणिसाव्या वर्षी लिंकनला परत येऊन स्वतःची शाळा काढली. दिवसा पोरांना शिकवायचं, उरलेल्या वेळात लाग्रांज आणि लाप्लास वाचायचे. असं सांगतात की त्याने गणिताची पुस्तकं धरली, कारण ती इतर पुस्तकांपेक्षा जास्त दिवस पुरतात, पैसे वसूल होतात. केंब्रिजला जाऊन पदवी घ्यावी असा विचार झाला होता. पण घरची जबाबदारी त्याच्यावर, आणि घर चालायचं शाळेवर. पदवी राहिली ती राहिलीच. तरीही १८४४ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला पदक दिलं, आणि १८४९ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या नव्या क्वीन्स कॉलेजात तो गणिताचा पहिला प्रोफेसर झाला. डिग्री नसलेला प्रोफेसर!

आता मुख्य गोष्ट. १८४७ मध्ये एका छोट्या पुस्तकात आणि १८५४ मध्ये लॉज ऑफ थॉट या मोठ्या ग्रंथात त्याने माणसाच्या तर्काला बीजगणितात बसवलं. समजा क्ष म्हणजे काळ्या वस्तू निवडणे. निवडलेल्यांतून पुन्हा काळ्याच निवडल्या तर हाती काय येईल? त्याच वस्तू. म्हणजे क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष. आता नेहमीच्या अंकगणितात हे समीकरण कोणत्या संख्यांना लागू पडतं? फक्त ० आणि १. बूलने शून्याचा अर्थ लावला काहीच नाही, आणि एकचा अर्थ सगळं काही.

हे वाचलं आणि मी कॉटवर उठून बसलो. मला वाटायचं, स्विच चालू किंवा बंद असतो म्हणून ० आणि १ आले. पण बूलपुढे कुठलं सर्किट नव्हतं. त्याला ० आणि १ सापडले ते नुसत्या विचारातून. (आपल्या पुस्तकातलं १ अधिक १ बरोबर १ मात्र त्याचं नव्हे. ती सुधारणा विल्यम जेव्हन्ससारख्या नंतरच्या मंडळींची. ओरलला उपयोगी पडेल.)

ज्याची प्रमेयं आपण घोकतो तो डी मॉर्गन बूलचा मित्र, आणि त्याचा जन्म चक्क आपल्या मदुराईचा. बूलने १८५५ मध्ये लग्न केलं ते मेरी एव्हरेस्टशी. ज्यांचं नाव शिखराला दिलं त्या सर्व्हेयर जनरल जॉर्ज एव्हरेस्टची ही पुतणी. त्यांना पाच मुली झाल्या. त्यांतली अ‍ॅलिशिया शिकायला कॉलेजात न जाता चौथ्या मितीतल्या आकृत्यांवर काम करून गेली. आणि न्यूरल नेटवर्कवरच्या कामासाठी २०२४ चं भौतिकीचं नोबेल मिळालेले जेफ्री हिंटन हे बूलचे खापरपणतू!

१८६४ च्या नोव्हेंबरात बूल धो-धो पावसात काही मैल चालत कॉलेजला गेला आणि ओल्या कपड्यांतच त्याने लेक्चर घेतलं. त्यातून आजार बळावला. ८ डिसेंबर १८६४ ला तो गेला. वय ४९, धाकटी मुलगी जेमतेम सात महिन्यांची. एवढ्या मेहनतीने मांडलेल्या बीजगणिताचा यंत्राला काय उपयोग, हे त्याला कधी कळलंच नाही.

ते कळायला ७३ वर्षं लागली. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत क्लॉड शॅनन नावाच्या विद्यार्थ्याने मास्टर्सच्या थिसिसमध्ये दाखवलं, की रिले आणि स्विचची सर्किट्स बूलच्या बीजगणिताने सोडवता येतात, सोपी करता येतात. तिथून पुढचं सगळं आपल्या सिलॅबसमध्ये आहे.

केटीच्या प्रॅक्टिकलला मी ७४०० आयसी ब्रेडबोर्डवर लावला आणि एलईडी पेटला, तेव्हा त्या मास्तरची आठवण झाली. एक्स्टर्नल सरांनी या वेळी बूलबद्दल काहीच विचारलं नाही, फ्लिप-फ्लॉप विचारला! असो, पास झालो. मार्क विचारू नका.

मात्र तेव्हापासून पाऊस आहे म्हणून पहिलं लेक्चर बुडवताना जरा लाज वाटते. बुडवतो, पण लाज वाटते.