कै. बाबा पदमनजी : बेळगावचे एक निष्ठावंत ख्रिस्तशिष्य

ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीतील कर्तृत्ववान पुरुषांची चरित्रे यावीत, असा परिपाठ आहे. त्या परिपाठास अनुसरून मी यंदा अशा एका पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहे, की ज्याने तेविसाव्या वर्षी ज्ञातीचा निरोप घेतला आणि ज्याचे नाव त्यानंतर ज्ञातीच्या बैठकीत सहसा कोणी उच्चारले नाही. काही ज्ञातिबांधवांस ही निवड चमत्कारिक वाटेल. त्यांनी लेख शेवटपर्यंत वाचून मग मत द्यावे, एवढीच विनंती आहे.

बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ च्या मे महिन्यात बेळगाव येथे आपल्या कासार समाजातील एका सुस्थित कुटुंबात झाला. आडनाव मुळे, परंतु त्या काळच्या रीतीप्रमाणे ते वडिलांच्या नावानेच जगास परिचित झाले. बेळगाव आपणांस परके नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तोपर्यंत आपला चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच मोडत होता. जिल्हा तिकडे गेला, तालुका तेवढा कोल्हापुरास जोडला गेला. तरी बाजारहाट, दवाखाना, शिक्षण व सोयरीक यांसाठी आपली वाट अजून बेळगावकडेच वळते. तेव्हा बाबांस आपल्या मुलखातले म्हणण्यास काही हरकत नसावी.

घरचे वळण धार्मिक होते. पोथ्यापुराणांचे वाचन, व्रते, उपास यांत बाबांचे बालपण गेले व त्यांत त्यांचे मनही रमत असे. वडील सरकारी नोकरीत असल्यामुळे मुलाने इंग्रजी शिकावे, असे त्यांस वाटणे साहजिक होते. बेळगावात त्या वेळी लंडन मिशनची इंग्रजी शाळा होती. तेथील पाद्री टेलर व पाद्री बेनन यांचा लौकिक मोठा होता. बेननसाहेबांचे नाव बेळगावच्या एका जुन्या विद्यालयाच्या नावात आजही ऐकू येते. या शाळेत बाबांस इंग्रजी भाषेबरोबर बायबलचीही ओळख झाली. शाळेत एक ऐकावयाचे आणि घरी दुसरे, असे काही वर्षे चालले.

पुढील शिक्षणासाठी बाबा मुंबईस गेले व फ्री चर्चच्या विद्यालयात दाखल झाले. मुंबईत तेव्हा नव्या विचारांचे वारे वाहत होते. १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर इत्यादी सुशिक्षित मंडळींनी परमहंस सभा स्थापन केली. जातिभेद मानू नये, ईश्वर एक आहे, विधवांचा पुनर्विवाह व्हावा, असे तिचे विचार होते. सभासद होणाऱ्यास परजातीच्या हातचे, म्हणजे त्या काळी ख्रिस्ती भटारखान्यातील पावाचा तुकडा खावा लागे. परंतु हे सर्व गुप्तपणे चाले. रात्री बंद खोलीत जातिभेद मोडावयाचा व सकाळी घरी जाऊन तोच पाळावयाचा, असा प्रकार होता. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी बाहेर पडल्याची बातमी पसरताच सभेची पांगापांग झाली. त्या मंडळींस नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्यातूनच पुढे मुंबईची प्रार्थनासमाजी मंडळी निघाली, व जातीचे भय काय असते हे त्यांनी ओळखले होते.

बाबाही तरुणपणी या सभेत सामील झाले होते. परंतु तेथे त्यांचे समाधान झाले नाही. या असमाधानात त्यांच्या पुढील आयुष्याचे मर्म आहे, असे मला वाटते. तांब्यापितळेच्या भांड्यास बाहेरून कितीही झळाळी आणली आणि आत कल्हई नसली तर त्यात ठेवलेले ताक कळकते, हे आपल्या धंद्यातल्या प्रत्येकास ठाऊक आहे. बाबांस दिसले ते याच जातीचे होते. आत एक व बाहेर एक, अशा जगण्याने मनुष्याचे मनच कळकते.

येथे ख्रिस्ताचा शिष्य होणे म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. कारण त्यावाचून बाबांचे चरित्र उलगडत नाही. चांगला उपदेश ऐकून मान डोलावणे निराळे व शिष्य होणे निराळे. ख्रिस्ताने आपल्यामागे येणाऱ्यांस सुखाचे वचन दिले नाही. आपला वधस्तंभ रोज उचलून मागे यावे, आईबाप व घरदार यांपेक्षाही आपल्यास अधिक मानावे, अशी त्याची मागणी होती. बुरूज बांधावयास घेणारा मनुष्य जसा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, तसा हिशेब करूनच मागे या, असेही त्याने बजावले आहे. आपल्याकडील वारकऱ्यांचे उदाहरण घेतले तर हे सहज समजेल. माळ विकत घेण्यास फार पैसे पडत नाहीत. परंतु ती गळ्यात पडली की जन्मभराचे पथ्य येते. पथ्य मोडावयाचे असेल तर माळ उतरून ठेवावी, असे आपले वडीलधारे सांगतात. बाबांपुढे प्रश्न होता तो असाच. ख्रिस्ताची शिकवण खरी, हे मनास पटले होते. पण माळ अद्याप गळ्यात घातली नव्हती.

हा हिशेब करण्यास बाबांस काही वर्षे लागली. वडिलांविषयी प्रेम होते, आप्तांचा लोभ होता, जातीचा धाक होता. निर्णय पुढे ढकलण्यास कारणे पुष्कळ सापडत. अखेर ३ सप्टेंबर १८५४ रोजी त्यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला. मुंबईसारख्या मोठ्या शहरात, ओळखीच्या माणसांच्या नजरेआड हा विधी उरकता आला असता. बाबांनी तो बेळगावात, जेथे त्यांस लहानपणापासून सर्वजण ओळखत होते, तेथे केला. या गोष्टीचे मोल मी विशेष मानतो.

त्या काळी याचा अर्थ काय होता, याची कल्पना आजच्या तरुणांस येणे कठीण आहे. पंक्तीतले पान बंद, सोयरीक बंद, मयतास खांदा देणे बंद. धर्मांतरामुळे वारसाहक्क जाऊ नये असा कायदा सरकारने १८५० मध्ये केला होता. पण कायद्याने मिळकत राहते, माणसे राहत नाहीत. बाबांचा विवाह लहान वयातच ज्ञातीत झाला होता. पत्नीने नव्या धर्मात त्यांच्याबरोबर येण्याचे नाकारले, व तो संसार तुटला. पुढे बाबांनी ख्रिस्ती समाजातील स्त्रीशी विवाह केला. मागे राहिलेल्या त्या पहिल्या पत्नीचे पुढील आयुष्य कसे गेले असेल, हा विचार मनातून जात नाही. तिनेही आपल्या समजुतीप्रमाणे आपला धर्म सोडला नाही, ही तिचीही निष्ठाच म्हटली पाहिजे. एकाच्या व्रताची किंमत घरातील दुसऱ्यासही मोजावी लागते, हे चरित्रकाराने लपवू नये.

बाप्तिस्म्याच्या दिवशी दाखविलेले धैर्य हे एका दिवसाचे असते. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. बाबा त्यानंतर ५२ वर्षे जगले व या सर्व काळात त्यांनी घेतलेले काम सोडले नाही. पुण्यास त्यांनी फ्री चर्चच्या शाळेत शिकविले, पुढे तेथील मंडळीचे पाळक म्हणूनही काही वर्षे सेवा केली. नंतर मुंबईस ख्रिस्ती ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या संस्थांसाठी लेखन व संपादन केले. सत्यदीपिका हे नियतकालिक चालविले. नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. लहानमोठी मिळून त्यांच्या पुस्तकांची संख्या शंभरावर जाते. बहुतेक सर्व लेखन मराठीत आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. धर्म बदलला म्हणून त्यांनी भाषा बदलली नाही.

या ग्रंथांपैकी यमुनापर्यटन हे पुस्तक १८५७ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून अनेक अभ्यासक त्याकडे बोट दाखवितात. यमुना व तिचा पती विनायक प्रवासास निघतात आणि गावोगाव विधवांची दैन्यावस्था पाहतात. पुढे यमुनेवरच वैधव्याची कुऱ्हाड कोसळते; शेवटी ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये झाला होता. कायदा झाला तरी केशवपन व कोंडवाडा घरोघर चालूच होता. त्यावर सव्वीस वर्षांच्या तरुणाने एवढे मोठे पुस्तक लिहावे, हे त्यांच्या शिष्यत्वाचेच एक अंग होय. गुरूने दीनदुबळ्यांची कणव शिकविली असेल, तर शिष्याने आपल्या शेजारच्या घरातील रडणे ऐकले पाहिजे.

मी चाळीस वर्षे वर्गात खडू धरला, म्हणून बाबांच्या आणखी एका कामाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. तो ग्रंथ अवजड व विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. बाबांनी त्याचा संक्षेप करून १८६३ मध्ये प्रसिद्ध केला. कोशाच्या कामात कीर्ती थोडी व कष्ट फार. शब्दामागून शब्द तपासावयाचा, अर्थ निवडावयाचा, मुद्रिते वाचावयाची. अशा कामात मनुष्याची निष्ठा जेवढी दिसते तेवढी ती व्यासपीठावर दिसत नाही.

बाबांच्या लेखनात सर्वच गोष्टी गोड आहेत, असे मात्र नाही. हिंदू धर्मावर व दैवतांवर त्यांनी जी टीका केली, ती पुष्कळ ठिकाणी कठोर आहे. ज्या देवतांपुढे आपले आईबाप हात जोडीत, त्यांविषयी तशा शब्दांत लिहिलेले वाचून श्रद्धाळू मन दुखावते. माझेही दुखावले. तो काळ वादविवादाचा होता व दोन्ही बाजूंनी शब्दांची धार तीक्ष्ण होती, एवढे म्हणता येईल. पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या वाटेने ख्रिस्त गाइला, तेव्हा ती धार पुष्कळ सौम्य झाली. परंतु टिळकांच्या आधी चाळीस वर्षे काट्याकुट्यांतून पायवाट पाडणारांत बाबा होते, हे विसरून चालणार नाही.

आपल्या आयुष्याचा वृत्तांत बाबांनी अरुणोदय या नावाने लिहून ठेवला आहे. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. त्यात त्यांनी स्वतःची भीती, चालढकल व मनाचे हेलकावे लपविले नाहीत. आपण जन्मतःच धीट होतो, असा आव त्यांनी आणला नाही. म्हणूनच भित्र्या मनुष्यास त्या पुस्तकापासून धीर येतो. २९ ऑगस्ट १९०६ रोजी, वयाच्या ७५ व्या वर्षी, हे कष्टाळू जीवन समाप्त झाले.

आता ज्ञातिबांधवांस प्रश्न असा, की या चरित्रापासून आपण काय घ्यावे? धर्मांतर घ्यावे, असे मी सुचवीत नाही. मी स्वतः कुलस्वामिनी कालिकामातेच्या पायांशी आहे व तेथेच राहणार. घ्यावयाचे ते एवढेच, की जे मनास पटले ते चारचौघांत पाळावे. हुंडा वाईट, असे आपण मेळाव्यात ठराव करून म्हणतो, व घरच्या लग्नात मागल्या दाराने घेतो. परमहंस सभा बंद पडली, पण तिची ही रीत आपल्यात चालूच आहे. भांडे घेताना आपण ते वाजवून घेतो. चीर असली तर आवाज बद्द येतो. बाबांचे जीवन कोठूनही वाजवून पाहावे, आवाज खणखणीतच येतो.

त्या काळच्या वडीलधाऱ्यांनी बाबांस पंक्तीतून उठविले. जात टिकवावी, ही त्यांची समजूत होती. त्यांस आज दोष देऊन उपयोग नाही. परंतु शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. पंक्तीत नाही तर नाही, निदान या स्मरणिकेत तरी बाबा पदमनजींचे एक पान मांडले जावे, या इच्छेने हा अल्पसा लेख ज्ञातिबंधुभगिनींच्या सेवेस सादर केला आहे. तो त्यांनी गोड करून घ्यावा.