मुक्तीचा शोध : पंडिता रमाबाई

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात स्त्रीशिक्षणासाठी झटलेल्या व्यक्तींमध्ये पंडिता रमाबाईंचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. संस्कृत विदुषी, लेखिका, समाजसेविका आणि बायबलच्या अनुवादक अशी त्यांची अनेक रूपे आहेत. या सर्व रूपांच्या मुळाशी एक प्रश्न होता. माणसाला, विशेषतः स्त्रीला, मुक्ती मिळते का आणि ती कोणत्या मार्गाने मिळते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले आणि मिळालेल्या उत्तराप्रमाणे जगण्यात उरलेले अर्धे. त्या शोधाची ही कहाणी आहे.

अरण्यातील पाठशाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील सह्याद्रीच्या रांगेत, गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न चित्पावन ब्राह्मण होते. स्त्रीने संस्कृत शिकणे हा त्या काळी मोठा अपराध मानला जाई. तरीही अनंतशास्त्र्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकवले. त्याबद्दल धर्मसभेपुढे जाब देण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी शास्त्रग्रंथांचेच आधार देऊन आपली बाजू मांडली. लोकांच्या टीकेला कंटाळून त्यांनी अरण्यात घर बांधले आणि तेथे पाठशाळा चालवली.

रमाबाई अवघ्या काही महिन्यांच्या असताना हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. वेताच्या पेटीत घातलेले ते तान्हे मूल एका हमालाच्या डोक्यावरून गड उतरले. पुढे अनेक वर्षे हे कुटुंब गावोगावी फिरत राहिले. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे, श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करावा आणि उरलेले दानधर्मात खर्च करावे, असा त्यांचा क्रम होता. वयाच्या आठव्या वर्षापासून लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकवण्यास आरंभ केला. प्रवासातच रमाबाईंना हजारो श्लोक मुखोद्गत झाले.

१८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. गाठीचा पैसा संपला. कष्टाची कामे करण्याची सवय नव्हती आणि भीक मागण्यास मन धजत नव्हते. कुटुंबाने अखेरचा पैसाही देवकार्यात घातला, उपवास केले, अनुष्ठाने केली. परंतु अन्न मिळाले नाही. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण कृष्णाबाई यांचा मृत्यू झाला. मृत्यूपूर्वी वडिलांनी या धाकट्या मुलीला जवळ घेतले, तिला देवाच्या हाती सोपवले आणि जन्मभर त्याचीच सेवा करण्यास सांगितले. आईच्या तिरडीला खांदा देण्यास चार माणसे मिळाली नाहीत. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. त्यांची उंची कमी पडत होती, म्हणून तिरडीचे टोक त्यांनी डोक्यावर घेतले.

शास्त्रांपुढचा प्रश्न

त्यानंतर ही दोन भावंडे हजारो मैल पायी फिरली आणि १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. विशीतील या तरुणीचे संस्कृतवरील प्रभुत्व पाहून तेथील पंडित थक्क झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. स्त्रियांपुढे धर्मशास्त्रावर व्याख्याने द्यावीत अशी विनंती त्यांना करण्यात आली. त्यासाठी रमाबाईंनी धर्मग्रंथांचा बारकाईने अभ्यास सुरू केला.

या अभ्यासातून त्यांच्या मनात प्रथमच संशय उभा राहिला. निरनिराळ्या ग्रंथांचे निरनिराळ्या विषयांवर मतभेद होते. परंतु आपण वाचलेले सारे ग्रंथ स्त्रीच्या बाबतीत मात्र एकमत आहेत, असे त्यांना आढळले. स्त्रीला पुरुषाप्रमाणे स्वतःच्या अधिकाराने मोक्ष मिळत नाही. पतीची सेवा हाच तिचा धर्म आणि तीच तिची आशा. जो मोक्ष मिळावा म्हणून आईवडिलांनी घरदार सोडले, ज्याच्यासाठी ती माणसे उपाशी राहिली, त्या मोक्षाच्या दारात आपल्यासारखीला जागा नसेल तर काय करावे? केवळ तर्काचा म्हणून हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. आईची तिरडी डोक्यावर वाहिलेल्या मुलीचा तो प्रश्न होता.

१८८० मध्ये श्रीनिवासचाही मृत्यू झाला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हा विवाह आंतरजातीय होता. आसाम प्रांतातील सिलचर येथे त्यांचा संसार सुरू झाला. तेथेच लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हाती आली आणि त्यांनी ती कुतूहलाने वाचली. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा जन्मली. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीच्या आजाराने पतीचे निधन झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आतच आईवडील, बहीण, भाऊ आणि पती यांचे मृत्यू त्यांनी पाहिले होते.

विहिरीकाठची कथा

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यास आल्या. त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची गरज मांडली. स्वतः वैद्यकीय शिक्षण घ्यावे या हेतूने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. श्रवणदोषामुळे तो हेतू पुढे सोडून द्यावा लागला. तेथे वँटेज या गावी ख्रिस्ती जोगिणींच्या मठात त्या राहिल्या.

या जोगिणींनी लंडनमधील फुलहॅम येथे एक आश्रम चालवला होता. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना तेथे आधार मिळत असे. ज्या स्त्रियांकडे पाहणेही पाप मानले जाते, त्यांची शुश्रूषा या सुखवस्तू घरांतील स्त्रिया प्रेमाने करतात, याचे रमाबाईंना नवल वाटले. त्यामागचे कारण त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका जोगिणीने त्यांना योहानकृत शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली.

ही कथा थोडक्यात अशी आहे. येशू ख्रिस्त प्रवासात थकून एका विहिरीजवळ बसले होते. भर दुपारी एक शोमरोनी स्त्री पाणी भरण्यास आली. यहुदी लोक शोमरोनी लोकांशी व्यवहार ठेवत नसत; शिवाय या स्त्रीचे पूर्वायुष्य निर्दोष नव्हते. तरीही येशूंनी तिच्याकडे पाणी मागितले. आपण देऊ ते पाणी पिणाऱ्याला पुन्हा तहान लागणार नाही, ते त्याच्या अंतरी झऱ्यासारखे वाहत राहील आणि सार्वकालिक जीवनापर्यंत पोहोचवील, असे त्यांनी तिला सांगितले. देवाची खरी उपासना अमुक डोंगरावर किंवा अमुक मंदिरात होते असे नाही, ती अंतःकरणाने करायची असते, हेही त्यांनी तिलाच समजावले.

पाणी, विहीर आणि शिवाशिव यांचा अर्थ भारतीय स्त्रीला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. स्त्री, परक्या जातीची आणि कलंकित, अशा तिन्ही अर्थांनी दूर ठेवलेल्या व्यक्तीपुढे धर्मातील सर्वांत मोठे दान ठेवले गेले होते. आपल्या प्रश्नाचे उत्तर रमाबाईंना येथे दिसू लागले. मूळचे काशीचे मराठी पंडित आणि पुढे ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री तथा फादर नेहेम्या गोरे यांच्या लेखनाने त्यांचे बौद्धिक समाधान झाले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

धर्म बदलला तरी रमाबाईंची स्वतंत्र बुद्धी बदलली नाही. त्या शाकाहारीच राहिल्या. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, ती संस्कृतमध्ये का नसावीत, असा प्रश्न त्यांनी केला. पटत नसलेल्या धर्ममतांवर त्यांनी मठातील वडीलधाऱ्या जोगिणींशी पत्रांतून वाद घातला.

सार्वकालिक जीवनाचा अर्थ

सार्वकालिक जीवन ही ख्रिस्ती श्रद्धेतील मध्यवर्ती कल्पना आहे. या शब्दावरून कधीही न संपणारे आयुष्य एवढाच अर्थ मनात येतो; परंतु तो अपुरा आहे. योहानकृत शुभवर्तमानात देवाला आणि त्याने पाठवलेल्या ख्रिस्ताला ओळखणे म्हणजेच सार्वकालिक जीवन, असे सांगितले आहे. हे ओळखणे पुस्तकी माहितीचे नाही; मूल आईला ओळखते, तसे ते नात्याचे ओळखणे आहे. म्हणून हे जीवन मृत्यूनंतर सुरू होत नाही. श्रद्धा ठेवणाऱ्याच्या आयुष्यात ते येथेच, याच देहात सुरू होते आणि मृत्यूने ते खंडित होत नाही, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. येशू ख्रिस्त मरणातून पुन्हा उठले, हा त्या श्रद्धेचा आधार होय. मोक्षाच्या कल्पनेत जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका अभिप्रेत असते. येथे भर आहे तो देवाच्या सहवासावर. शिवाय हे जीवन पुण्याईने कमवायचे नसून देवाच्या कृपेचे दान म्हणून स्वीकारायचे असते.

हा अर्थ रमाबाईंनाही एकदम उमगला नाही. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. मरणातून जीवनात प्रवेश, असा त्या पुस्तकाच्या नावाचा आशय होता. हॅस्लम हे धर्मोपदेशक होऊन बरीच वर्षे लोटल्यावर त्यांना खऱ्या श्रद्धेचा अनुभव आला होता. ते वाचून रमाबाई अंतर्मुख झाल्या. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण प्रत्यक्ष ख्रिस्त आपल्याला भेटला का, असे त्यांनी स्वतःला विचारले. एक धर्म सोडून दुसरा घेतल्याने अंतरीची तहान भागत नाही, हे त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात निःसंकोचपणे मांडले.

शारदा सदन ते मुक्ती

दरम्यान त्यांचे सामाजिक कार्य सुरू झाले होते. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास त्या अमेरिकेत उपस्थित राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे मिळालेल्या मदतीतून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' ही शाळा उघडली गेली. पुढील वर्षी ती पुण्यास हलवण्यात आली.

शारदा सदनात धर्माची सक्ती नसेल असे ठरले होते. परंतु काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या. हा धर्मप्रसार आहे, असा आरोप झाला. तर प्रार्थनेच्या वेळी आपले दार बंद ठेवणे रमाबाईंना मान्य नव्हते. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंची माणसे प्रामाणिक होती, म्हणूनच ही ताटातूट अधिक क्लेशकारक ठरली.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भुकेचा अर्थ रमाबाईंना पाठ्यपुस्तकातून शिकावा लागला नव्हता. त्या स्वतः तेथे गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर त्यांच्यासाठी घरे उभी राहिली. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातील मुलीही आल्या. या वसाहतीचे नाव होते 'मुक्ती'. तेथे मुली लिहिण्या-वाचण्याबरोबर शेती, विणकाम आणि छपाई शिकत. पतित मानलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' होते. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली जाई. भुकेल्याला अन्न आणि परक्याला आसरा देणारेच सार्वकालिक जीवनात जातील, असे बायबलमधील एका दृष्टांतात सांगितले आहे. रमाबाईंच्या दृष्टीने श्रद्धा आणि सेवा या दोन निराळ्या गोष्टी नव्हत्या.

अखेरचे काम

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी बायबलचा मराठी अनुवाद हाती घेतला. अर्धशिक्षित बायांनाही कळेल अशी सोपी मराठी त्यांना हवी होती. त्यासाठी त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. मुक्तीच्या छापखान्यात मुलीच खिळे जुळवत. संस्कृतातील ज्ञानापासून स्त्रियांना दूर ठेवले गेल्याचे दुःख ज्यांनी जाणले होते, त्यांनी आपल्या धर्मग्रंथाचे दार सामान्य स्त्रीसाठी उघडे केले.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमेचे निधन झाले. आईच्या कार्याचा भार उचलणारी ती एकुलती एक मुलगी होती. हा आघात सोसून रमाबाई कामाला लागल्या. अनुवाद पुरा केल्यानंतर ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे केडगाव येथे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून झाले. भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

रमाबाईंची श्रद्धा प्रत्येकाला पटेलच असे नाही. परंतु ज्या दारातून आपल्याला परत पाठवले गेले, ते दार इतरांसाठी उघडण्याचा त्यांचा ध्यास कोणालाही आदरणीय वाटावा असा आहे. त्यांनी वसवलेले मुक्तीचे घर आजही निराधार स्त्रियांना आणि मुलांना आसरा देत आहे.

स्वाध्याय

१. धर्मग्रंथांच्या अभ्यासातून रमाबाईंच्या मनात कोणता प्रश्न निर्माण झाला?
२. शोमरोनी स्त्रीची कथा रमाबाईंना जवळची का वाटली असेल? तुमच्या शब्दांत लिहा.
३. सार्वकालिक जीवन म्हणजे केवळ न संपणारे आयुष्य नव्हे, हे पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. शारदा सदनाविषयीच्या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे काय होते? तुमचे मत सकारण मांडा.